जुन्या हेवीवेट लढतींचं चित्रण पुण्यात बसून कसं शोधावं

जॅक जॉन्सन, जॅक डेम्प्सी किंवा जो लुई या जुन्या हेवीवेट मुष्टियोद्ध्यांच्या एखाद्या लढतीचं नाव इंटरनेटवर टाकलं की पाच-दहा व्हिडिओ लगेच समोर येतात. एक तीन मिनिटांचा, एक अकरा मिनिटांचा. एकात माणसं दुप्पट वेगाने पळतात, दुसऱ्यात चेहरेच ओळखू येत नाहीत, तिसऱ्यात भलत्याच लढतीचा तुकडा मध्ये घुसवलेला असतो. यातलं अस्सल कोणतं आणि याहून पूर्ण काही शिल्लक आहे का, हे व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघून कळत नाही. त्यासाठी मूळ फिल्मच्या प्रतीचा माग काढावा लागतो: ती कोणी चित्रित केली, किती फूट होती, कोणाच्या मालकीची होती, तिच्या नकला कुठे गेल्या आणि आज कोणाच्या डब्यात आहेत. हे काम पुण्यातून व्यवस्थित करता येतं. बहुतेक टप्प्यांना लागतं ते चिकाटीने पत्रं लिहिणं आणि थोडं गणित.

आधी लढतीचं टिपण

चित्रण शोधायला लागण्यापूर्वी प्रत्येक लढतीसाठी एक पान करा. त्यावर तारीख, शहर, मैदान किंवा सभागृह, लढत दिवसा झाली की रात्री, उघड्यावर की छताखाली, किती फेऱ्या ठरल्या होत्या, कितव्या फेरीत आणि कशी संपली, रेफ्री कोण, कोणाच्या चड्डीचा रंग कोणता, दोघांपैकी कोणी डावखुऱ्या पवित्र्यात लढत होता का, एवढं हवंच. बॉक्सरेक या संकेतस्थळावर यातलं बरंच मिळतं, पण प्रेक्षक, ऊन, कपडे असे तपशील त्या काळच्या वर्तमानपत्रांतच सापडतात. अमेरिकन वर्तमानपत्रांसाठी लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका, ऑस्ट्रेलियासाठी ट्रोव्ह, न्यूझीलंडसाठी पेपर्स पास्ट हे तिन्ही संग्रह घरबसल्या मोफत बघता येतात.

तारखेबाबत एक सावधगिरी घ्या. टॉमी बर्न्स आणि जॅक जॉन्सन यांची लढत सिडनीला 26 डिसेंबर 1908 रोजी झाली, तेव्हा अमेरिकेत अजून 25 तारीखच होती. त्यामुळे एकाच लढतीच्या दोन तारखा सापडतात आणि संग्रहालयाच्या यादीत चुकीच्या तारखेने शोधलं तर काहीच निघत नाही. शोधताना एक दिवस मागे-पुढे धरा.

टिपण रोमन लिपीतही ठेवा, कारण याद्या त्याच लिपीत आहेत. नावांची सगळी रूपं लिहून ठेवा. डेम्प्सीचा प्रतिस्पर्धी फिर्पो याचं पहिलं नाव कुठे लुईस, कुठे लुईस आंखेल असतं. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश संग्रहांत मुष्टियोद्ध्याच्या नावाने काही सापडलं नाही, तर त्या भाषेतल्या 'मुष्टियुद्ध' या शब्दाला वर्ष जोडून बघा. जुन्या वार्तापटांच्या (थिएटरात दाखवल्या जाणाऱ्या बातम्यांच्या छोट्या फिल्मच्या) नोंदीत खेळाडूचं नाव कित्येकदा नसतंच, 'बॉक्सिंग सामना, न्यू यॉर्क' एवढंच असतं.

चित्रण झालं होतं का, हे आधी ठरवा

जे कधी टिपलंच गेलं नाही त्याच्या मागे लोक वर्षं घालवतात. जॉन सुलिव्हन आणि जेम्स कॉर्बेट यांची 7 सप्टेंबर 1892 ची लढत कोणी दाखवत असेल, तर ती खोटी आहे. 1894 मध्ये एडिसनच्या स्टुडिओत कॉर्बेट आणि कोर्टनी यांची सहा छोट्या फेऱ्यांची लढत मुद्दाम कॅमेऱ्यासाठी घडवली गेली. लढत पूर्ण चित्रित करण्याचा मोठा प्रयत्न 17 मार्च 1897 ला नेव्हाडातल्या कार्सन सिटीत झाला. कॉर्बेट-फिट्झसिमन्स लढतीसाठी इनॉक रेक्टरने 63 मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली, सुमारे 11,000 फूट. आज त्यातले फक्त तुकडे उरले आहेत. इतक्या रुंद फिल्मचं यंत्र कुठे सहज मिळत नाही, म्हणून जे बघायला मिळतं ते नंतर 35 मिलिमीटरवर उतरवलेलं असतं. जेफ्रीज आणि शार्की यांची कोनी आयलंडची लढत 3 नोव्हेंबर 1899 ला छताखाली, सुमारे 400 आर्क दिव्यांच्या उजेडात बायोग्राफ कंपनीने टिपली.

अनेकांच्या शोधाचा खरा अडथळा 1912 चा आहे. जॉन्सनने 4 जुलै 1910 ला रीनो इथे जेफ्रीजला हरवल्यानंतर त्या चित्रपटावर ठिकठिकाणी बंदी आली. पुढे जुलै 1912 मध्ये अमेरिकन काँग्रेसने मुष्टियुद्धाच्या फिल्म एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर आणि परदेशातून आणण्यावर बंदी घालणारा कायदा केला. तो 1940 पर्यंत लागू होता. डेम्प्सीची सगळी कारकीर्द आणि जो लुईची सुरुवातीची वर्षं या काळात येतात. चित्रण होत राहिलं, पण प्रती चोरून नेल्या गेल्या, स्थानिक पातळीवर नकलेवरून नक्कल निघाली, काही वितरकांनी दंड भरून वाट काढली. जॉन्सन-विलार्ड लढतीची फिल्म (हवाना, 5 एप्रिल 1915) अमेरिकेत आणण्यासाठी 1916 मध्ये न्यू यॉर्क राज्याच्या सीमेवर एक अजब प्रयोगही झाला. निगेटिव्ह कॅनडाच्या बाजूला ठेवायची, कोरी फिल्म अमेरिकेच्या बाजूला, आणि मधून फक्त उजेड पलीकडे जाऊ द्यायचा. न्यायालयांपुढे ती युक्ती टिकली नाही. हीच फिल्म पुढे हरवली असं मानलं जात होतं. 1967 मध्ये संग्राहक जिम जेकब्स यांना ती मिळाली.

या इतिहासामुळे 1912 ते 1940 मधल्या लढतींच्या प्रती आखूड, पुसट आणि एकमेकींपासून वेगळ्या असतात, आणि अमेरिकेबाहेर चांगली प्रत सापडण्याची शक्यता जास्त असते. या वर्षांतलं काही शोधत असाल तर लंडन, पॅरिस, कॅनबेरा आधी आणि वॉशिंग्टन नंतर, असा क्रम आम्ही सुचवू.

चित्रणाचा पुरावा मिळतो चित्रपट व्यवसायाच्या जुन्या साप्ताहिकांत. 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड'सारख्या नियतकालिकांचे अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीवर मोफत वाचता येतात. लढतीनंतरच्या आठ-दहा आठवड्यांचे अंक चाळा. वितरणाचे हक्क राज्यवार विकले जात, त्यामुळे जाहिरातीत कंपनीचं नाव, रिळांची संख्या आणि कधी कधी लांबी दिलेली असते. या तीन गोष्टी टिपणाच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवा, पुढची सगळी पडताळणी त्यांवर होते.

पुरावाच मिळाला नाही तर तेही स्वीकारा. हॅरी ग्रेब मिडलवेट असून त्याने 1922 मध्ये पुढे हेवीवेट जगज्जेता झालेल्या जीन टनीला हरवलं, पण ग्रेबच्या एकाही लढतीचं चित्रण आजवर हाती आलेलं नाही, फक्त सरावाचे तुकडे आहेत. त्याची 'दुर्मीळ लढत' विकायला कोणी काढली तर पैसे देऊ नका.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या लढतींचा मामला वेगळा आहे. टीव्हीवर थेट दाखवलेली लढत जपायची तर पडद्यासमोर कॅमेरा लावून ती 16 मिलिमीटर फिल्मवर उतरवत. याला किनेस्कोप म्हणतात. चित्राच्या कडा गोलसर, आडव्या रेघा, प्रखर पांढरा रंग जळल्यासारखा, ही त्याची खूण. त्याच लढतीची वेगळी 35 मिलिमीटर फिल्मही असू शकते, म्हणून 1950 च्या दशकातल्या जगज्जेत्या मार्सियानोच्या काळातली एखादी लढत किनेस्कोपवर सापडली की शोध संपला असं समजू नका.

फुटांचं गणित

संग्रहालयाच्या यादीत मिनिटं क्वचित असतात, फूट असतात. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात 16 चौकटी (फ्रेम) बसतात. मूकपट साधारण सेकंदाला 16 चौकटींच्या आसपास फिरवले जात, म्हणजे एक फूट म्हणजे एक सेकंद. तीन मिनिटांची एक फेरी 180 फूट, मधली एक मिनिटाची विश्रांती 60 फूट. रीनोच्या 15 फेऱ्या विश्रांतीशिवाय धरल्या तर 2,700 फुटांच्या जवळ, 14 विश्रांतींसह सुमारे 3,540 फूट. यादीत '740 फूट' दिसलं तर ती 12 मिनिटं 20 सेकंद आहेत, म्हणजे चार फेऱ्या, किंवा सगळ्या लढतीचा सारांश. पत्र लिहिण्यापूर्वीच आपल्याला हे कळतं.

16 मिलिमीटरच्या एका फुटात 40 चौकटी, म्हणजे त्याच वेगाने अडीच सेकंद, आणि एक फेरी 72 फुटांत. जुन्या 8 मिलिमीटरमध्ये फुटाला 80 चौकटी, फेरी 36 फुटांत. घरगुती प्रक्षेपकासाठी विकलेलं 50 फुटांचं रीळ हाती आलं तर त्यात अनेक फेऱ्यांची पूर्ण लढत असणं शक्यच नाही. बोलपटाचा वेग सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे 35 मिलिमीटरवर मिनिटाला 90 फूट. लुई आणि श्मेलिंग यांची 22 जून 1938 ची लढत 124 सेकंदांत संपली, ती 186 फुटांत पूर्ण मावते. म्हणूनच या लढतीच्या पूर्ण प्रती वार्तापटांतही मिळू शकतात, आणि पंधरा फेऱ्यांच्या लढतीच्या तशा मिळत नाहीत.

हेच गणित व्हिडिओच्या वेगाला लावा. सलग, न कापलेली एक फेरी निवडा, घंटेपासून घंटेपर्यंत मोजा. ती 120 सेकंद भरली तर 16 चौकटींची फिल्म 24 ने चालवली आहे. 150 भरली तर सगळ्या वेळा 1.2 ने गुणा. 22 सप्टेंबर 1927 च्या डेम्प्सी-टनी लढतीत सातव्या फेरीत टनी किती वेळ खाली होता, यावर आजही वाद चालतो, आणि वाद घालणारे पुष्कळदा चुकीच्या वेगाच्या व्हिडिओवर घड्याळ लावतात. आधी फेरी मोजा, मग टनीला मोजा. मात्र मध्ये काप असेल तर हे मोजमाप फुकट आहे: प्रत्येक कापाजवळ प्रेक्षकांतला एखादा हलणारा माणूस किंवा रेफ्रीची जागा बघा, ती झटक्यात बदलली की तिथे काही चौकटी गेल्या आहेत.

कोणाच्या दारात जायचं

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा चित्रपट विभाग मोठा आहे. साठवण व्हर्जिनियातल्या कल्पेपरला, अभ्यासकांचं वाचनालय वॉशिंग्टनला. 1912 पूर्वी अमेरिकेत चित्रपटाची नोंदणी छायाचित्र म्हणून करावी लागे, म्हणून अख्ख्या फिल्म कागदी पट्ट्यांवर छापून जमा होत. हा कागदी संग्रह टिकला आणि त्यावरून पुन्हा फिल्म बनवली गेली. शतकाच्या सुरुवातीच्या लढती आणि त्यांच्या नाटकी नकला इथे शोधाव्यात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट-ध्वनी संग्रहालयाकडे बर्न्स-जॉन्सन लढतीचं चित्रण आहे. चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली आणि कॅमेरेही थांबवायला लावले, म्हणून या लढतीचा 'शेवटचा ठोसा' दाखवणारा व्हिडिओ संशयाने बघा.

युरोपात ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, गोमाँ-पाथे यांचा पॅरिसचा संग्रह आणि ॲम्स्टरडॅमचं आय संग्रहालय. ब्रिटिश पाथेने 2014 मध्ये सुमारे 85,000 वार्तापट यूट्यूबवर खुले केले, ते तर आज रात्रीच चाळता येतील. फॉक्स मूव्हीटोन वार्तापटांचा मोठा भाग साउथ कॅरोलिना विद्यापीठाकडे आहे. त्यात प्रदर्शित न झालेले तुकडेही असल्याने सराव, वजनं, पत्रकारांसमोरचं बोलणं असं काही हवं असेल तर तिथेच जावं. युनिव्हर्सल कंपनीचे वार्तापट अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

खासगी संग्रहांत एकाच नावाला तोड नाही. जिम जेकब्स आणि बिल केटन यांनी 'बिग फाइट्स' या कंपनीत जगभरातून लढतींच्या फिल्म गोळा केल्या. 1998 मध्ये हा संग्रह ईएसपीएन या क्रीडावाहिनीकडे गेला. टीव्हीवर दिसणाऱ्या जुन्या लढतींचा उगम पुष्कळदा हाच असतो, आणि व्यापारी संग्रह असल्याने साध्या अभ्यासकाला तिथून प्रत मिळणं अवघड आहे. मात्र त्यांच्या कार्यक्रमांतून कोणत्या लढतीचं किती चित्रण अस्तित्वात आहे याचा अंदाज येतो. तोच आपल्याला हवा असतो.

लॉ कॉलेज रस्त्यावरून सुरुवात

पुणेकरांना एक सोय आहे. 1964 मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय इथेच आहे, आता एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) छत्राखाली. तिथे डेम्प्सीची मूळ निगेटिव्ह मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, संग्रहाचा गाभा भारतीय चित्रपट आहे. तरी तिथलं ग्रंथालय अत्यंत कामाचं. चित्रपट-जतनावरची पुस्तकं, परदेशी संग्रहालयांच्या छापील सूची, जुनी चित्रपट नियतकालिकं एका छताखाली बसून बघता येतात. हे संग्रहालय आंतरराष्ट्रीय संग्रहालय महासंघाचं, म्हणजे फियाफचं सदस्य आहे. फियाफची मूकपटांची एक सूची आहे, तीत कोणत्या मूकपटाची प्रत कोणत्या देशातल्या संग्रहालयात आहे याची नोंद असते. ती वर्गणीदार ग्रंथालयांतून बघता येते, म्हणून ग्रंथपालांना तीच विचारा. जाताना टिपणाची पानं सोबत न्या. 'जुन्या बॉक्सिंगचं काही आहे का' या प्रश्नाला कोणताही ग्रंथपाल उत्तर देऊ शकत नाही, पण कंपनी, वर्ष आणि रिळांची संख्या दिली की तो तुमच्याबरोबर शोधायला बसतो.

भारतीय हेवीवेट शोधत असाल तर वाट वेगळी. हवा सिंग यांनी 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवलं, आणि दोन्ही स्पर्धा बँकॉकच्या होत्या. म्हणून मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेच्या वार्तापटांबरोबर थायलंडच्या चित्रपट संग्रहालयालाही लिहायला हवं; हे बहुतेकांना सुचतच नाही. कौर सिंग यांचं सुवर्णपदक 1982 चं, दिल्लीतलं. जानेवारी 1980 मध्ये दिल्लीत त्यांची मुहम्मद अलीशी प्रदर्शनीय लढतही झाली. या दोन्हींसाठी फिल्म्स डिव्हिजन आणि दूरदर्शन अशा दोन स्वतंत्र विचारणा करा. फिल्म्स डिव्हिजनचे वार्तापट 1948 पासूनचे आहेत आणि हा साठाही आता एनएफडीसीकडेच आला आहे. वार्तापटाचं नाव क्रीडास्पर्धेवरून नसतं, आठवड्याचा क्रमांक असतो. म्हणून स्पर्धेच्या तारखेपासून पुढच्या चार ते सहा आठवड्यांचे सगळे अंक मागावेत. लष्करातल्या खेळाडूंबाबत पलटणीच्या संग्रहालयाकडेही नम्र पत्र टाकावं. पुण्यात, खडकीत लष्करी मुष्टियुद्धाची परंपरा जुनी आहे, आणि हौशी 8 मिलिमीटर कॅमेरा बाळगणारे अधिकारी त्या पिढीत होते.

परदेशी लढतीची फिल्म आपल्याकडे कधी दाखवली गेली हे शोधायचं तर मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या थिएटरांच्या जाहिराती बघा. मुंबईची एशियाटिक सोसायटी त्यासाठी योग्य जागा. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात 8 आणि 16 मिलिमीटरची रिळं अजून अधूनमधून दिसतात. डब्यावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. पहिले दोन फूट उजेडासमोर धरून बघा आणि मगच भाव करा.

पत्र कसं लिहावं

संग्रहालयाला लिहिताना एका पत्रात एकच लढत घ्या. लढतीची ओळख एका ओळीत, निर्मिती कंपनी आणि मूळ लांबी दुसऱ्या ओळीत, सूचीतला नोंद क्रमांक असेल तर तिसऱ्यात. मग हे विचारा: तुमच्याकडचा घटक कोणता, मूळ निगेटिव्ह, नकल-निगेटिव्ह की प्रिंट? रुंदी किती, लांबी किती फूट? नायट्रेट (ज्वलनशील) की सेफ्टी (सहज न पेटणारी)? बघण्यासाठी वेगळी प्रत किंवा डिजिटल फाइल आहे का? देणगीदाराची काही अट आहे का? शेवटी तुमचा हेतू एका वाक्यात.

बघण्याची प्रत आहे का, हा प्रश्न वगळला तर पत्र वाया जातं. कित्येक घटकांची जतन-प्रत आहे पण बघण्याची प्रत बनलेली नसते. अशा वेळी उत्तर फक्त 'उपलब्ध नाही' येतं आणि फिल्मच नाही असा आपला गैरसमज होतो. उत्तराला आठवडे लागतात. दीड-दोन महिन्यांनी त्याच पत्राचा संदर्भ देऊन एकदा आठवण करावी. दर आठवड्याला नाही.

संग्राहकांशी व्यवहार करताना प्रतीची वंशावळ विचारा: ही कशावरून उतरवली, ती कशावरून. सांगता येत नसेल तर सगळ्या जोडांची वेळ नोंदवून ती तुमच्याकडच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून बघा. दोन व्हिडिओंत ओरखडे आणि जोड नेमके त्याच जागी असतील तर दोन्ही एकाच रिळाची पिल्लं आहेत, मग एकाने त्याला कितीही दुर्मीळ म्हटलं तरी.

ओळख पटवणं

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. फिलाडेल्फियाचा सिगमंड लुबिन मोठ्या लढती झाल्या की वर्तमानपत्रातल्या वर्णनावरून दोन नटांना लढवून 'प्रतिकृती' विकत असे. जेफ्रीज-शार्की लढतीच्या तर तीन प्रकारच्या फिल्म बाजारात होत्या: बायोग्राफची अधिकृत, प्रेक्षकांत लपून चोरून टिपलेली, आणि लुबिनची घडवलेली. घडवलेली फिल्म ओळखायची तर मागे बघा: प्रेक्षक मोजके किंवा रंगवलेले, रिंगण उथळ, कॅमेरा अगदी जवळ, आणि ठोसे कॅमेऱ्याकडे तोंड करून.

खऱ्या लढतीसाठी टिपणाचं पान समोर ठेवा. रीनो भर उन्हातली, रेफ्री टेक्स रिकर्ड. टोलेडोच्या डेम्प्सी-विलार्ड लढतीत (4 जुलै 1919) पहिल्या फेरीत विलार्ड सात वेळा खाली पडतो आणि तिसऱ्या फेरीनंतर लढत संपते, म्हणजे चौथी फेरी दाखवणारं रीळ दुसऱ्या कशाचं तरी आहे. डेम्प्सी-फिर्पो (14 सप्टेंबर 1923) रात्रीची, दिव्यांखालची. सावल्यांची दिशा बघा. एकाच फेरीत सावली एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे पडत असेल तर एक तर दुसरा कॅमेरा आहे, नाहीतर दुसरा दिवस.

फिल्म उलटी बसवून स्कॅन झाल्याची उदाहरणंही कमी नाहीत. दोघेही उजव्या हाताचे लढवय्ये असताना दोघांचाही उजवा हात पुढे दिसला, किंवा फलकावरची अक्षरं आरशातली वाटली, की चित्र डावं-उजवं झालं आहे. आवाजावरून तर काहीच ठरवू नका. मूकपटाला घंटा आणि गलका नंतर जोडलेला असतो, आणि 1938 च्या लुई-श्मेलिंग लढतीच्या व्हिडिओंना रेडिओवरचं समालोचन चिकटवलेलं सापडतं.

प्रत्यक्ष रीळ हाती आलं तर

प्रक्षेपकावर चढवू नका. आधी कडेची अक्षरं वाचा. 'नायट्रेट' लिहिलं असेल, किंवा 35 मिलिमीटर असून 1950 च्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीचं असेल, तर ते ज्वलनशील धरूनच वागा. 'सेफ्टी' हा शब्दही मूळ निगेटिव्हवरून छापून आलेला असू शकतो: पारदर्शक कडेवर काळी अक्षरं असतील तर ती याच फिल्मची, काळ्या कडेवर पांढरी असतील तर आधीच्या पिढीची. जाळून बघण्याची जुनी चाचणी कधीही करू नका. सडलेलं नायट्रेट 40 अंशांच्या आसपास आपोआप पेटू शकतं, आणि एप्रिल-मे मध्ये पुण्यातल्या पत्र्याच्या माळ्यावर तेवढं तापमान सहज होतं. पेटलं की ते स्वतःच प्राणवायू तयार करतं, पाण्याने किंवा वाळूने विझत नाही. जानेवारी 2003 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट कोठारांना लागलेल्या आगीत काय गेलं, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. अशी फिल्म कुरिअरने, बसने, रेल्वेने पाठवू नका; तिच्या साठवणुकीला आणि वाहतुकीला 1948 चे नियम लागू आहेत. डबा घरापासून दूर सावलीत ठेवा, झाकण घट्ट दाबू नका आणि चित्रपट संग्रहालयाला कळवा.

16 आणि 8 मिलिमीटर फिल्म बहुधा ॲसिटेटच्या असतात. त्यांना आग लागण्याची भीती नाही, पण व्हिनेगरचा वास हे सडण्याचं लक्षण. वास येणारं रीळ बाकीच्यांपासून ताबडतोब वेगळं करा, कारण ती आम्लाची वाफ शेजारच्या रिळांनाही बिघडवते. निळी चाचणी-पट्टी डब्यात एक दिवस ठेवली की ती हिरवी, मग पिवळी होते. जितकी पिवळी तितकी स्कॅनिंगची घाई. पावसाळ्यात लोखंडी कपाटात डबे बंद करून ठेवणं सगळ्यात वाईट.

आकुंचन मोजायला पट्टी पुरते. 35 मिलिमीटरच्या 100 चौकटी 1,900 मिलिमीटर भरायला हव्यात, 16 मिलिमीटरच्या 762. एक टक्का आकुंचन म्हणजे अनुक्रमे 19 आणि 7.6 मिलिमीटर कमी. तेवढं असेल तर दातेरी चाकांचं यंत्र छिद्रं फाडणार, म्हणून स्कॅन करणाऱ्याला आधी विचारा की त्याचं यंत्र चाकांवर चालतं की रबरी रुळांवर.

कोडॅकच्या फिल्मवर वर्षाची खूणही असते. वर्तुळ म्हणजे 1916, चौकोन 1917, त्रिकोण 1918, आणि चक्र दर 20 वर्षांनी फिरतं, म्हणून एकटं वर्तुळ 1936 किंवा 1956 चंही असू शकतं. ही खूण फिल्म बनल्याचं वर्ष सांगते, लढतीचं नाही. 1910 च्या लढतीवर 1956 ची खूण असेल तर ती उशिराची नक्कल आहे, तरीही तिच्यात दुसरीकडे हरवलेल्या चौकटी असू शकतात.

स्कॅन करताना प्रत्येक चौकट एकदाच, चौकटीच्या कडेसह, निदान 2के मध्ये (सुमारे 2,000 बिंदू रुंद चित्रात) मागा. वेग बदलून, स्वच्छ करून, 'स्थिर' करून दिलेली एकच फाइल घेऊ नका. तसं एकदा झालं की वरची सगळी मोजणी त्या फाइलवर अशक्य होते.

हक्कांचं थोडक्यात: भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षं, अमेरिकेत जुन्या प्रकाशित चित्रपटांसाठी 95 वर्षं. त्यामुळे डेम्प्सीच्या लढती खुल्या झाल्या असल्या तरी संग्रहालय स्वतःच्या प्रतीसाठी शुल्क आणि अटी लावू शकतं. सही करण्यापूर्वी अट वाचा, विशेषतः इंटरनेटवर टाकण्याबाबतची.

संग्रहालयाच्या नोंदीतली चूक तुम्हाला सापडली तर कळवाच. भलतीच तारीख, उलट क्रमातल्या फेऱ्या, 'अज्ञात मुष्टियोद्धे' अशा शीर्षकाखाली पडलेली लढत, यांची दुरुस्ती बहुतेक ठिकाणी आनंदाने केली जाते. पत्रात नोंद क्रमांक, कोणत्या फुटावर किंवा कोणत्या वेळेला काय दिसतं, आणि ते कशावरून ठरवलं, ही तीन गोष्टींची यादी पुरेशी असते. सोबत टिपणाच्या पानाची प्रत जोडा.